सोसायटीची २६ जानेवारी : प्रथमच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या मध्य रेल्वेवरच्या गावांत नव्याने घर घेतलेल्या कुटुंबाकडे पहिल्या किंवा दुसऱ्या हिवाळ्यात एक विचारणा हमखास येते : "यंदा २६ जानेवारीचं तुम्ही बघाल का?" हो म्हटल्यानंतर लक्षात येते की ते एक काम नसून पाच-सहा कामे आहेत. सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायणाची पूजा, दुपारी मुलांचे खेळ, संध्याकाळी हळदीकुंकू आणि रात्री सर्वांचे एकत्र जेवण असा हा क्रम बहुतेक मराठी वस्तीच्या सोसायट्यांत रूढ आहे. सत्यनारायणाला पौर्णिमा, एकादशी, संक्रांत हे दिवस चांगले मानले जात असले तरी ती पूजा कोणत्याही दिवशी करता येते. प्रजासत्ताक दिनाचीच निवड होण्याचे कारण व्यावहारिक आहे, कारण एरवी पहाटेची लोकल पकडून रात्री नऊला परतणारी माणसे त्या दिवशी घरी सापडतात.

पुढील माहिती पन्नास ते सत्तर सदनिकांची सोसायटी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. मोठ्या संकुलात आकडे वाढवावेत, क्रम मात्र हाच ठेवावा.

१. पहिली बैठक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या

जानेवारीत बैठक घेतली तर कार्यक्रम होतो, पण तो ठरावीक तीन-चार घरांच्या जिवावर होतो. डिसेंबरात बैठक लावताना मार्गशीर्षातील गुरुवार टाळावेत, कारण त्या संध्याकाळी घरोघरी महालक्ष्मीची पूजा आणि सवाष्णींची ये-जा असते. नाताळाच्या आठवड्यात अनेकजण गावी किंवा सहलीला जातात, तेव्हा तोही टाळावा. रविवारी सकाळी अकरा ही वेळ सर्वांत सोयीची. कामाच्या दिवशी रात्री साडेनऊला बोलावल्यास माणसे येतात, पण जेवायची घाई असल्याने सगळ्याला मान डोलावून निघून जातात.

बैठकीत फक्त चार गोष्टींचा निर्णय घ्यावा : कार्यक्रमाचा क्रम, वर्गणीची रक्कम, पूजेला कोणते जोडपे बसणार आणि कोणते काम कोणाकडे. या चौथ्या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. "सगळे मिळून करू" असे ठरलेले काम कोणीच करत नाही, म्हणून प्रत्येक कामापुढे एका व्यक्तीचे नाव लिहून तो कागद जिन्याजवळच्या फलकावर लावावा. आमच्याकडे ध्वज, पूजा, हळदीकुंकू, खेळ, भोजन आणि हिशेब अशी सहा नावे असतात आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी कोणीही त्या यादीत नसतात. त्या दिवशी पाण्याची मोटर, लिफ्ट आणि पाहुण्यांच्या गाड्या हे त्यांच्या माथी असतेच.

येथे एक चूक सर्रास होते. निरोप फक्त सदनिकाधारकांच्या व्हॉट्सॲप गटावर जातो आणि भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना मंडप उभा राहिल्यावरच कळते. अशा गावांत सोसायटीतील बरीच घरे भाडेकरूंची असतात आणि लहान मुलांची संख्याही त्यांच्यातच अधिक असते. त्यांच्या दारापर्यंत कागदी निरोप पोहोचवावा, शक्यतो स्वतः जाऊन.

पूजेला बसणाऱ्या जोडप्याची निवड हा नाजूक विषय असतो. नवविवाहित किंवा त्या वर्षी राहायला आलेले जोडपे निवडण्याची पद्धत चांगली आहे, मात्र त्यांना विचारून मगच नाव जाहीर करावे. पूजा संपेपर्यंत उपवास धरणे आणि दोन-अडीच तास पाटावर बसणे सर्वांनाच जमते असे नाही.

२. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि तिचे दोन भाग करा

मासिक देखभाल शुल्कात ही वर्गणी मिळवू नये आणि देयकात तिची ओळ तर मुळीच घालू नये. पावतीपुस्तक वेगळे ठेवावे आणि प्रत्येक रकमेची पावती द्यावी, मग ती रोख असो वा यूपीआयने आलेली. यूपीआयचे पैसे एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक खात्यात येणार असतील, तर ते कोणाच्या खात्यात येत आहेत हे बैठकीच्या टिपणात नोंदवावे.

वर्गणीचे दोन भाग करावेत असे माझे ठाम मत आहे. ध्वज, खेळ आणि बक्षिसे यांचा खर्च एका बाजूला आणि पूजा, हळदीकुंकू व प्रसाद यांचा खर्च दुसऱ्या बाजूला ठेवावा. सोसायटीत इतर धर्मांची कुटुंबे असतात, पूजाअर्चा न मानणारी माणसे असतात, काही घरी सुतक असते. पूजेत सहभागी व्हायचे नसलेल्या शेजाऱ्याला झेंडावंदनापासूनही दूर राहण्याची वेळ येऊ नये. अशी विभागणी केल्यावर पहिल्या भागाला जवळजवळ प्रत्येक घर हातभार लावते, असा अनुभव आहे.

३. गुरुजी, मंडप आणि आचारी यांना डिसेंबरातच सांगा

त्या एका दिवशी परिसरातील बहुतेक सोसायट्यांत पूजा असल्याने गुरुजींची मोठीच टंचाई असते. एक गुरुजी सकाळपासून तीन-चार ठिकाणी जातात, त्यामुळे "सकाळी येतो" एवढ्या आश्वासनावर थांबू नये. आपला क्रमांक कितवा आहे आणि आधीची पूजा कोठे आहे, हे विचारून घ्यावे. आधीची पूजा स्टेशनच्या पलीकडे असेल तर फाटक, उड्डाणपूल आणि रिक्षा यांत अर्धा तास सहज जातो. गुरुजी लोकलने येणार असतील, तर सार्वजनिक सुट्टीला गाड्या रविवारच्या वेळापत्रकाने धावतात आणि त्यांतील अंतर वाढते, हे गृहीत धरावे.

मंडपवाले आणि आचारी यांच्या बाबतीतही अडचण आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्नकार्ये बहुधा थांबलेली असतात आणि संक्रांत होताच ती एकदम सुरू होतात. त्यातच माघी गणेश जयंतीचे मंडप याच सुमारास लागतात. २०२६ मध्ये ती २२ जानेवारीला होती. त्यामुळे खुर्च्या, सतरंज्या, टेबले आणि मोठी पातेली यांची नोंदणी किरकोळ आगाऊ रक्कम देऊन नाताळापूर्वीच करून ठेवावी. आचाऱ्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी आहे का, हे पाहावे. त्याचा क्रमांक चौदा अंकी असतो आणि तो देयकावर छापलेला असायला हवा.

जागा निवडताना गच्चीपेक्षा तळमजल्यावरील वाहनतळ बरा. जानेवारीअखेरीस बदलापूर-अंबरनाथकडे रात्री नऊनंतर चांगलाच गारवा असतो, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याची कल्पना नसते आणि उघड्या गच्चीवर ज्येष्ठ मंडळी फार वेळ बसू शकत नाहीत. वाहनतळ वापरायचा असल्यास गाड्या २५ तारखेच्या रात्रीच हलवण्याची सूचना आठवडाभर आधी द्यावी. रुग्णवाहिका आत येऊ शकेल एवढी वाट मात्र मोकळी राहिलीच पाहिजे.

४. परवानगी आणि लागणारी कागदपत्रे

ध्वनिवर्धक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्यावी. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा धरला जातो. "आपल्याच आवारात आहे, कोण विचारतो" असे म्हणणारे सभासद प्रत्येक बैठकीत असतात. समोरच्या इमारतीतून तक्रार गेल्यावर मात्र पोलिसांसमोर उभे राहण्याची वेळ अर्ज न करणाऱ्यावर येते. अर्ज किमान दहा दिवस आधी द्यावा. पोलीस ठाण्यानुसार यादीत थोडा फरक पडतो, परंतु पुढील कागद तयार असल्यास दुसरी फेरी सहसा पडत नाही :

• सोसायटीच्या नावाच्या कागदावर अध्यक्ष व सचिव यांच्या सहीचा अर्ज, कार्यक्रमाची तारीख आणि सुरू होण्याच्या व संपण्याच्या वेळेसह
• सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
• कार्यक्रम करण्याबाबत कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत
• अर्जदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती
• ध्वनिवर्धक पुरवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेण्यास विसरू नये. मंडपाचा एखादा खांब जरी सार्वजनिक रस्त्यावर येणार असेल, तरी नगरपरिषदेची किंवा महापालिकेची वेगळी परवानगी लागते. ती खटपट करण्यापेक्षा मंडप दोन फूट आत घेणे शहाणपणाचे ठरते.

५. झेंडावंदन

या भागात घाई अजिबात चालत नाही, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

शासनाच्या मुख्य समारंभाशी वेळ जुळून येऊ नये म्हणून इतर संस्थांनी झेंडावंदन साडेआठपूर्वी किंवा दहानंतर करण्याचा प्रघात आहे. सोसायटीसाठी सकाळी आठ ही वेळ योग्य ठरते. सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होत असल्याने तोवर ऊन नुकतेच आवारात उतरलेले असते. ज्या मुलांना शाळेच्या झेंडावंदनाला जायचे असते त्यांची वेळ मात्र विचारून घ्यावी, नाहीतर मैदानात फक्त मोठी माणसे उरतात.

ध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण तीनास दोन असते. ९०० बाय ६०० मिलीमीटर हे प्रमाणित माप सोसायटीच्या खांबाला साजेसे असते. पूर्वी हाताने विणलेल्या कापडाचाच ध्वज चालत असे. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनंतर यंत्रावर तयार केलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालतो. जुलै २०२२ पासून नागरिकांना रात्रीही ध्वज फडकत ठेवता येतो, तरीही सूर्यास्ताला तो उतरवून, घडी करून ठेवणेच बरे, कारण संध्याकाळी मंडपाच्या गडबडीत त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. फाटलेला, डागाळलेला किंवा विटलेला ध्वज लावू नये, म्हणून कपाटातला ध्वज जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात उघडून पाहावा.

खांबावरची कप्पी पावसाळ्यात गंजते. २५ तारखेला संध्याकाळी साध्या कापडाचा तुकडा दोरीला बांधून तो वर जातो का, गाठ एका झटक्यात सुटते का, हे तपासावे. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास ध्वजसंहितेची हरकत नाही, पण पाकळ्या मोजक्याच ठेवाव्यात, कारण ओल्या पाकळ्यांच्या भाराने घडी उलगडत नाही. केशरी पट्टा वर आहे ना, हे पाहण्याचे काम एकाच व्यक्तीकडे नावानिशी द्यावे. दोघांनी पाहायचे ठरले की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल.

पूजेसाठी लावलेले भगवे झेंडे किंवा पताका राष्ट्रध्वजापेक्षा उंचावर असू नयेत आणि त्याच खांबावर तर नकोतच. मंडपाच्या कमानीला राष्ट्रध्वज पडद्यासारखा गुंडाळणे किंवा टेबलावर अंथरणे नियमाबाहेर आहे. मुलांना कागदी झेंडे द्यावेत, प्लास्टिकचे नव्हे. कार्यक्रम संपल्यावर ते गोळा करण्यासाठी फाटकाशी एक खोका ठेवावा. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत म्हणायचे असते. ध्वनिफीत लावायची असल्यास ती आधी वाजवून पाहावी, कारण ऐन वेळी भ्रमणध्वनीतून जाहिरात सुरू होते आणि सावधान उभे असलेले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

ध्वज कोणी फडकवायचा यावरून रुसवेफुगवे होतात. दरवर्षी अध्यक्षांनीच हा मान घ्यावा असा कोणताही नियम नाही. सर्वांत ज्येष्ठ रहिवासी, रात्रपाळीचे रखवालदार किंवा सफाईचे काम करणाऱ्या ताई यांपैकी कोणाला तरी हा मान देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती मला अधिक पसंत आहे.

६. सत्यनारायणाची पूजा

गुरुजींकडून साहित्याची यादी लेखी घ्यावी. चौरंग, केळीचे चार खांब, दोन तांब्याचे कलश, नारळ, विड्याची पाने, सुपाऱ्या, खारका, बदाम, हळकुंडे, हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अक्षता, जानवे, कापसाची वस्त्रे, चौरंगावर पसरण्यासाठी गहू किंवा तांदूळ, पंचामृत, तुळशी, फुले, समई, निरांजन, घंटा, शंख, उदबत्ती, कापूर आणि बाळकृष्ण किंवा शाळिग्राम ही यादी साधारण सगळीकडे सारखीच असते. चौरंग, समई आणि बाळकृष्ण कोणाच्या तरी घरून येतात. कोणाकडून काय आले हे लिहून ठेवावे आणि भांड्यांना खुणेचा दोरा बांधावा. केळीचे खांब आणि फुले कल्याणच्या बाजार समितीतील फूल बाजारातून पहाटे आणल्यास स्वस्त पडतात. तुळशी मात्र सोसायटीतल्याच कुंड्यांतून गोळा करावी आणि ती आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी खुडावी, कारण नंतर खुडू न देणारी आजी प्रत्येक मजल्यावर असते.

प्रसादाच्या शिऱ्याला सव्व्याचे प्रमाण धरतात : रवा, साखर आणि तूप प्रत्येकी सव्वा किलो, त्यात दूध, केळी, वेलची आणि बेदाणे. एवढा शिरा लहान द्रोणातून शंभरेक जणांना पुरतो. रवा मंद आचेवर खमंग भाजावा आणि दूध गरम करूनच घालावे, नाहीतर गुठळ्या होतात. सव्व्याचे प्रमाण परंपरेने सांभाळले जात असले तरी तूप थोडे कमी केल्याने काही बिघडत नाही, असे बहुतेक गुरुजीही सांगतात.

कथेचे पाच अध्याय असतात. लाकूडतोड्या, साधुवाणी आणि राजा तुंगध्वज यांच्या गोष्टी मुले आवडीने ऐकतात, पण त्यासाठी गुरुजींनी मराठीत कथा सांगावी, अशी विनंती आधीच करावी. पूजा साडेनऊला सुरू झाली तर आरती बाराच्या सुमारास होते. आरतीच्या वेळेची सूचना दोनदा द्यावी, कारण बहुतेकजण आरतीलाच खाली उतरतात.

७. हळदीकुंकू

संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करण्याची रीत आहे आणि रथसप्तमी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, तर २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच आली. त्यामुळे २६ जानेवारीचे हळदीकुंकू कधी मुदतीत बसते, कधी बसत नाही. बैठकीपूर्वी पंचांग पाहावे. रथसप्तमी आधी येत असल्यास हळदीकुंकवाचा कार्यक्रम संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी वेगळा घ्यावा. ऐनवेळी हा मुद्दा निघाला तर अर्धी मंडळी नाराज होतात.

साहित्यात हळदकुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगूळ आणि ओटीसाठी गहू, हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजराचे व उसाचे तुकडे लागतात. वाण एकाच प्रकारचे आणि सदनिकांच्या संख्येपेक्षा वीसेक अधिक घ्यावे, कारण माहेरवाशिणी आणि शेजारच्या इमारतीतील मैत्रिणी येतातच. प्लास्टिकचे डबे प्रत्येक घरात आधीच पडून आहेत. त्याऐवजी कापडी पिशवी, स्टीलची चाळणी किंवा कढीपत्त्याचे रोप दिले, तर वाण दुसऱ्या दिवशीच वापरात येते.

निमंत्रणात "सर्व महिलांना" असे स्पष्ट लिहावे आणि पतीच्या निधनानंतर एकट्या राहणाऱ्या शेजारणींना समक्ष जाऊन बोलवावे. नुसत्या कागदावर त्या येत नाहीत, कारण वर्षानुवर्षे त्यांना दाराआड राहायला शिकवले गेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. खेड्याला जे जमले ते स्वतःला सुशिक्षित म्हणवणाऱ्या आपल्या सोसायट्यांना अजून जड जाते. कोणी कुजबुजले तर हळदीकुंकवाची जबाबदारी घेतलेल्या व्यक्तीने शांतपणे करंडा पुढे करावा. वाद घालत बसू नये.

बोरन्हाण याच वेळी करायचे असल्यास दोन-तीन वर्षांच्या मुलांवर बोरे, शेंगदाणे आणि टणक रेवड्या ओतू नयेत, कारण त्या घशात अडकू शकतात. चुरमुरे आणि बत्तासे पुरेसे आहेत.

८. खेळ आणि जेवण

खेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच या वेळेत उरकावेत. साडेसहापर्यंत सूर्य मावळतो आणि त्यानंतर मुलांना घाम पुसून गरम कपडे घालण्याचे भान नसते. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, पोत्यांची शर्यत आणि चित्रकला एवढे खेळ पुरतात. बक्षिसे विजेत्यांना द्यावीत, पण पहिलीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या हाती काहीतरी पडेल असे पाहावे.

जेवणासाठी मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी हा बेत कांदा-लसूण न घालताही होतो आणि सर्वांना चालतो. शंभर माणसांना मसालेभातासाठी साधारण सात ते आठ किलो तांदूळ लागतो. पंगत आठला बसवावी. ध्वनिवर्धक दहाला बंद करायचा आहे आणि दुसऱ्या दिवशी अनेकांना पहाटेची गाडी गाठायची आहे. मुलांना आणि ज्येष्ठांना आधी वाढावे. रखवालदार, सफाई कामगार आणि मंडपवाल्याची मुले यांची ताटे शेवटी उरल्यासुरल्यातून न वाढता पहिल्याच पंगतीत वाढावीत.

९. आवराआवर आणि हिशेब

निर्माल्य पिशवीत बांधून उल्हास नदीच्या पुलावरून टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. ते सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा नगरपरिषदेच्या निर्माल्य कलशात टाकावे. चौरंगावरील गहू-तांदूळ गुरुजींना द्यायचे की कोणा गरजू घरी, हे त्यांना आधी विचारावे. घरोघरून आलेली भांडी त्याच रात्री परत करावीत, कारण दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेले की समई आठवडाभर कार्यालयात पडून राहते.

हिशेब आठ दिवसांच्या आत फलकावर लावावा : कोणत्या भागासाठी किती जमा झाले, कशावर किती खर्च झाला आणि किती उरले. पावत्या एका पाकिटात घालून सचिवांकडे द्याव्यात. शिल्लक रकमेतून लगेच काही विकत घेण्याचा मोह टाळावा आणि ती पुढील वर्षासाठी त्याच दोन भागांत जमा दाखवावी. सोबत गुरुजी, मंडपवाले आणि आचारी यांचे दर व संपर्क, तसेच कोणती वस्तू कमी पडली याची एक पानी टिपणी ठेवावी आणि ती पुढील डिसेंबरात ज्या कुटुंबाला विचारणा होईल त्याच्याकडे सोपवावी.